दोघांच्या खेळात पहिला नंबर एकाचा कसा? – रोहन बोपण्णा आणि आपल्या वर्गातले जोडीकाम



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या परिपाठात रोज एक विद्यार्थी बातमी वाचून दाखवतो. त्या दिवसांत सगळीकडे एकच विषय होता. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. मुलींचा आनंद तर विचारूच नका. सुट्टीत जपून ठेवलेली कात्रणं मी वाचनकोपऱ्यात लावायला मुलांच्या हातात दिली. त्या ढिगात एक छोटी बातमी होती. टेनिसपटू रोहन बोपण्णा याने १ नोव्हेंबरला निवृत्ती जाहीर केली, अशी. विश्वचषकाच्या गडबडीत ती कुणाच्या फारशी लक्षातही आली नसेल.

चौथीतल्या एका मुलाने ती वाचली. '४३व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला क्रमांक' या वाक्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, दोघं मिळून खेळतात ना? मग पहिला नंबर एकट्याचा कसा?"

आमच्या गावात टेनिस म्हणजे टेनिसच्या बॉलवर खेळायचं क्रिकेट. खरं टेनिस कुणी पाहिलेलं नाही. मलाही एकेरी आणि दुहेरी यापलीकडे फारसं माहीत नव्हतं. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी जाऊन शोधायला बसले. उत्तर सापडलंच, पण त्यासोबत मी वर्गात इतकी वर्षं जे 'जोडीकाम' घेत होते त्यातली चूकही सापडली. म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानात फक्कीने टेनिसचं कोर्ट आखलं. लांबी ७८ फूट. एकेरीसाठी रुंदी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची जादा पट्टी. दोन मुलं उभी केली आणि मी मधोमध चेंडू टाकला. दोघंही जागचे हलले नाहीत. एक म्हणाला, "मला वाटलं तो घेईल." दुसराही तेच म्हणाला. सगळा वर्ग हसला. दुहेरीतली पहिली अडचण मुलांना न सांगता कळली. जागा दोघांची असली की चेंडू कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं.

आता नियम बघा. शिक्षक म्हणून मला हे नियम फार आवडले.

पहिला नियम सर्व्हिसचा. दुहेरीत चारही खेळाडूंना आळीपाळीने एकेका गेमची सर्व्हिस करावी लागते. "माझी सर्व्हिस चांगली आहे, म्हणून दोन्ही वेळा मीच करतो" असं चालत नाही.

दुसरा नियम रिटर्नचा. समोरून आलेली सर्व्हिस ज्याच्या बाजूला येते, ती त्यानेच परतवायची. जोडीदार कितीही भारी असला तरी त्याला मध्ये हात घालता येत नाही. रिटर्न गेला की मग पुढचे फटके कुणीही मारावेत.

तिसरी गोष्ट क्रमवारीची, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर. जोडी जिंकली की गुण दोघांनाही मिळतात, पण प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. जोडीदार बदलला तरी आपले गुण आपल्याकडेच राहतात. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये बोपण्णा जगात पहिला झाला, आणि त्याच्या शेजारी उभा राहून तीच स्पर्धा जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन दुसरा झाला.

म्हणजे दुहेरी हा खेळच असा रचलाय की कुणालाही जोडीदाराच्या मागे लपता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोपण्णाची वाटचाल

रोहन बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८०चा. घर कर्नाटकातल्या कोडगूचं, वडील कॉफीचे मळेवाले. वयाच्या अकराव्या वर्षी तो टेनिसकडे वळला. आपल्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे किशोरवयात तो पुण्यात आला आणि नंदन बाळ यांच्याकडे शिकला. २००२ मध्ये डेव्हिस कपमध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि २००३ मध्ये व्यावसायिक खेळाडू झाला.

सुरुवातीला तोही एकेरीच खेळत होता. सगळ्यांचं स्वप्न तेच असतं. त्याची सर्व्हिस जोरदार होती, पण एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तो २१३च्या पुढे कधी गेला नाही. तो क्रमांक २००७चा. मोठ्या स्पर्धांत साधारण पहिल्या शंभरांना थेट प्रवेश मिळतो. २१३वा खेळाडू पात्रता फेऱ्यांत आणि छोट्या स्पर्धांत फिरत राहतो, त्यात प्रवासाचा खर्च आणि खांद्याचं दुखणं. अशा वेळी त्याने दुहेरीवर लक्ष द्यायचं ठरवलं. २००८ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या एरिक बुटोरॅकसोबत त्याने दुहेरीचं पहिलं मोठं विजेतेपद मिळवलं.

त्याला एकेरी अजिबात जमत नव्हती असं मात्र नाही. सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईला डेव्हिस कपमध्ये भारत ब्राझीलविरुद्ध ०-२ असा मागे पडला होता. तिथून २-२ अशी बरोबरी झाली आणि शेवटचा निर्णायक एकेरीचा सामना बोपण्णाने रिकार्डो मेलोला हरवून जिंकला. भारत ३-२ने जिंकला. म्हणजे एकेरी येत होती, पण आपलं सगळ्यात चांगलं काम कुठे होतं हे त्याने ओळखलं.

त्यानंतरची त्याची यादी बघा. मास्टर्स १००० या ग्रँड स्लॅमखालोखाल महत्त्वाच्या स्पर्धा. त्यांत त्याने सहा विजेतेपदं मिळवली, आणि तीही पाच वेगवेगळ्या जोडीदारांसोबत. २०११ मध्ये पॅरिसला पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीसोबत, २०१२ मध्ये तिथेच महेश भूपतीसोबत, २०१५ मध्ये माद्रिदला रुमानियाच्या फ्लोरिन मर्जियासोबत, २०१७ मध्ये मोंटे कार्लोला उरुग्वेच्या पाब्लो कुएव्हाससोबत, आणि एब्डनसोबत २०२३ मध्ये इंडियन वेल्स व २०२४ मध्ये मायामी. २०१७ मध्येच कॅनडाच्या गॅब्रिएला दाब्रोव्स्कीसोबत त्याने फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. पेस, भूपती आणि सानिया मिर्झा यांच्यानंतर ग्रँड स्लॅम जिंकणारा तो चौथा भारतीय. आपल्या पुण्यात बालेवाडीला झालेली महाराष्ट्र ओपनही त्याने दोनदा जिंकली, २०१९ मध्ये दिविज शरणसोबत आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसोबत.

पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम मात्र हुलकावणी देत राहिलं. २०१० मध्ये यूएस ओपनच्या अंतिम फेरीत तो हरला. पुन्हा अंतिम फेरी गाठायला १३ वर्षं लागली, आणि २०२३ मध्ये तिथेच पुन्हा हरला. मध्ये गुडघ्यांची कूर्चा झिजली होती. २०२१च्या सुरुवातीला कित्येक महिने एकही सामना जिंकता येत नव्हता. आता थांबावं का, असा विचार तेव्हा मनात आला होता, हे त्याने पुढे सांगितलं. त्या काळात गुडघ्यांसाठी त्याला अय्यंगार योगाचा खूप उपयोग झाला, म्हणजे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा. शेवटी २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नला त्याने आणि एब्डनने इटलीच्या बोलेल्ली आणि वावासोरी यांना ७-६, ७-५ असं हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. वय ४३. दोन दिवस आधी पद्मश्री जाहीर झाली होती. पुरुष दुहेरीच्या ग्रँड स्लॅममध्ये साठहून जास्त वेळा उतरल्यावर मिळालेलं हे पहिलं विजेतेपद.

याचा धडा कोणता?

ही गोष्ट शाळेत सांगायची म्हटलं की आपण लगेच फळ्यावर लिहितो, "प्रयत्नांती परमेश्वर." मीही लिहिणार होते. पण मला वाटतं, नुसतं एवढं सांगितलं तर आपण मुलांना अर्धंच सांगितलं. तो जर २००७ नंतरही फक्त एकेरीच खेळत राहिला असता, तर कितीही प्रयत्न करून कदाचित दीडशेवा झाला असता. प्रयत्न तर त्याने केलेच. त्याच्याआधी त्याने आपलं काम कोणतं ते ओळखलं, आणि ते काम दुय्यम आहे असं मानलं नाही.

जग मात्र दुहेरीला दुय्यमच मानतं, हेही मुलांना खरं सांगायला हवं. २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरी जिंकणाऱ्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून ७ लाख ३० हजार. टीव्हीवरही दुहेरीचे सामने कमीच दिसतात.

आपली शाळा तरी वेगळी कुठे आहे? आपल्याकडे सगळं एकेरीच. पहिला नंबर कुणाचा, शिष्यवृत्तीत किती गुण, नवोदयला लागला का. पालक पहिल्यांदा तेच विचारतात आणि आम्ही शिक्षकही तेच सांगतो. 'सहकार्याने काम करतो' हे वाक्य वर्णनात्मक नोंदीत आम्ही जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे लिहितो, कारण ते लिहायला सोपं आहे. तो मुलगा खरंच सहकार्य करतो का, कसं करतो, ते आपण पाहिलेलं असतं का? मी तरी पाहिलं नव्हतं.

माझं कुठे चुकलं

वर्गात जोडीकाम मी गेली कित्येक वर्षं घेते. प्रशिक्षणात सांगतात, तसं अभ्यासात पुढे असलेल्या मुलाशेजारी मागे असलेलं मूल बसवायचं. मीही तसंच केलं. एका हुशार मुलीशेजारी भागाकार न येणारा एक मुलगा बसवला. वह्या छान भरू लागल्या. मी समाधानी होते.

एक दिवस वह्या तपासताना ४०८ भागिले ४ या गणिताचं उत्तर दोघांनीही १२ लिहिलेलं दिसलं. भागाकारातलं शून्य गाळलेलं. ही चूक चौथीत नेहमीची आहे, त्यात विशेष काही नाही. पण दोघांच्या वहीत तीच चूक, तशीच खोडाखोड, अगदी त्याच ओळीत. तरी मी दुर्लक्ष केलं.

मग त्या मुलीचे वडील भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण माझी पोरगी शाळेत शिकायला येते का शिकवायला?" मला तेव्हा रागच आला. सहकार्य, समता, सगळं त्यांना ऐकवलं. ते बिचारे गप्प बसून ऐकून गेले.

त्यानंतर ती मुलगी आजारी पडली आणि आठ दिवस शाळेत आली नाही. त्या आठ दिवसांत त्या मुलाने गणिताची वही उघडली नाही. मी विचारलं तर अगदी सहज म्हणाला, "ती आल्यावर करतो."

त्याच्या बोलण्यात आळस नव्हता, उद्धटपणाही नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की गणित हे तिच्याकडचं काम आहे. आणि हे त्याला कुणी शिकवलं होतं? मीच. जूनपासून रोज शेजारी बसवून मी त्याला लपायला जागा करून दिली होती. तिच्या वडिलांचं म्हणणंही बरोबर होतं. तिला मी फुकटची शिक्षिका केलं होतं. दोघांचंही नुकसान, आणि वर माझ्या नोंदवहीत दोघांच्या नावापुढे 'सहकार्याने काम करतो'.

हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरातलं. मनात होतं, पण करायचं काय ते सुचत नव्हतं. नोव्हेंबरात बोपण्णाच्या निमित्ताने दुहेरीचे नियम वाचले आणि लक्षात आलं, अरे, इथे तर उत्तर लिहूनच ठेवलंय.

वरून लावलेल्या जोड्या

आणखी एक गोष्ट बोपण्णाच्या कारकिर्दीतून कळते. जोडी लावणं सोपं असतं, जमणं अवघड.

२०१० मध्ये तो आणि कुरेशी, भारत आणि पाकिस्तानचे खेळाडू, यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचले. समोर अमेरिकेचे ब्रायन बंधू, म्हणजे जन्मापासूनची जोडी. दोन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि आपली जोडी हरली. पण त्या दिवशी दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी प्रेक्षकांत शेजारी बसले होते. त्या जोडीला कुणी सक्तीने एकत्र आणलं नव्हतं. दोघांनी एकमेकांना निवडलं होतं.

आता २०१२चं लंडन ऑलिंपिक आठवा. टेनिस संघटनेला पेस आणि भूपती ही जोडी हवी होती. भूपती आणि बोपण्णा, दोघांनीही पेससोबत खेळायला नकार दिला. खूप वाद झाला, वर्तमानपत्रं भरून गेली. शेवटी दोन जोड्या पाठवल्या. भूपती-बोपण्णा आणि पेस-विष्णू वर्धन. दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत हरल्या. २०१६ मध्ये रिओला पेस आणि बोपण्णा एकत्र उतरले आणि पहिल्याच फेरीत हरले. त्याच ऑलिंपिकमध्ये सानियासोबत मिश्र दुहेरीत मात्र बोपण्णा पदकाच्या उंबरठ्यापर्यंत गेला, चौथा आला. ऑलिंपिक पदक त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही.

यात चूक कुणाची, हे ठरवायला मी बसलेली नाही. देशासाठी खेळताना आवडनिवड बाजूला ठेवायला हवी होती असं अनेकांना वाटलं, आणि ते वाटणंही समजण्यासारखं आहे. मी बोपण्णाला मुलांपुढे देवासारखं उभं करणार नाही. पण दोन उत्तम खेळाडू शेजारी उभे केले की उत्तम जोडी होतेच असं नाही, एवढं तरी यातून दिसतं. आपण मात्र हजेरीपटावरून दोन मिनिटांत पंधरा जोड्या लावतो आणि मुलांनी ते निमूट मान्य करावं अशी अपेक्षा करतो.

आणि जमलेली जोडी कशी असते? २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णा पुरुष दुहेरीत लवकरच बाहेर पडला. राहिली मिश्र दुहेरी. जोडीदार आपली ऋतुजा भोसले, त्याच्यापेक्षा १६ वर्षांनी लहान आणि अनुभवानेही खूप मागे. अंतिम सामन्यात चिनी तैपेईविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला. मग ६-३, आणि शेवटी निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्णपदक. आमच्या भाषेत ही 'पुढचा-मागचा' अशीच जोडी. पण नियमाने ऋतुजाला तिची सर्व्हिस स्वतःच करायची होती आणि तिच्या बाजूचा रिटर्नही तिनेच करायचा होता. बोपण्णाने तिच्या वाटचं खेळून तिला पदक दिलं असं कुणी म्हणू शकत नाही, कारण तसं खेळताच येत नाही.

वर्गात काय बदललं

दुहेरीच्या नियमांवरून आम्ही आमचे नियम केले. मुलांनीच तक्त्यावर लिहिले.

१. सर्व्हिस दोघांची. एक गणित एकाने मोठ्याने बोलत सोडवायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, "हे असं का केलं?" पुढच्या गणिताला भूमिका बदलायच्या. पाळी चुकवायची नाही.

२. रिटर्न ज्याचा त्याचा. मी ज्याचं नाव घेईन त्यानेच उत्तर द्यायचं. जोडीदाराने सांगायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत.

३. खाती वेगळी. तासाच्या शेवटी पाच मिनिटं जोडी मोडायची आणि एक गणित एकट्याने सोडवायचं. जोडीकामाचा उपयोग झाला की नाही ते तिथे कळतं.

४. आधी बोलायचं. काम सुरू करण्यापूर्वी कोण काय करणार ते ठरवायचं. टेनिसमध्ये जाळीजवळचा खेळाडू पाठीमागे बोटांनी खूण करून जोडीदाराला आपला बेत सांगतो. आमच्या मुलांना ही खूण इतकी आवडली की आता कबड्डीतही चालू आहे.

५. दर तीन आठवड्यांनी जोडी बदलायची. प्रत्येकाने दोन नावं चिठ्ठीवर लिहून मला द्यायची. दोन्ही मिळतीलच असं नाही, पण एक तरी मिळावं असा मी प्रयत्न करते.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. आवाज खूप होतो. माझ्याकडे दोन वर्ग आहेत, त्यामुळे रोज हे जमत नाही, आठवड्यातून तीन दिवस जमतं. सुरुवातीला तो मुलगा आपली पाळी आली की गप्पच बसायचा. ती मुलगीही वैतागायची, कारण तिला सोडवायची सवय होती, विचारायची नव्हती. आता दोन महिने झाले. तो अजून चुकतो. हातचा विसरतो. पण परवा ४०८ भागिले ४ मी मुद्दाम पुन्हा दिलं, तेव्हा त्याने एकट्याने १०२ लिहिलं आणि शून्याला गोल केला. शून्याला गोल का, विचारलं तर म्हणाला, "हे विसरायचं नसतं म्हणून."

आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. वर्गात एक शांत मुलगी आहे. गुण मध्यम, स्वतःहून हात वर करत नाही. तिच्या नोंदीत मी 'साधारण प्रगती' असं लिहिलं होतं. जोड्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या तर नऊ मुलांनी तिचं नाव लिहिलेलं! मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि ऐकत राहिले. ती उत्तर सांगत नाही. समोरच्याला बोलू देते, आणि तो अडला की म्हणते, "परत पहिल्यापासून सांग." मी दहा-बारा वर्षं नोकरी करून जे शिकतेय, ते तिला आपसूक येतंय. इतके महिने ती माझ्यासमोर होती आणि मला दिसली नाही, कारण मी सगळ्यांना एकेरीतच बघत होते. २१३ हा आकडा बघून कुणी बोपण्णाकडे पाठ फिरवली असती, तसंच झालं हे.

पालकांना दोन शब्द

तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण परीक्षा तर एकट्यानेच द्यायची असते. बरोबर आहे. म्हणूनच 'खाती वेगळी' हा नियम ठेवला. बोपण्णाची क्रमवारीसुद्धा त्याची एकट्याचीच होती. चांगलं जोडीकाम तुमच्या मुलाचं स्वतःचं खातं रिकामं करत नाही. ते भरलं जात नसेल, तर जोडीकाम चुकीचं चाललंय असं समजा आणि आम्हाला येऊन विचारा. त्या वडिलांसारखं. मी त्यांना परत बोलावलं आणि "तुमचं बरोबर होतं" असं सांगितलं. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "आता घरी धाकट्याला शिकवत नाही ती, प्रश्नच विचारत बसते!"

घरी एवढं करा. मूल शाळेतून आलं की "किती मार्क पडले?" याच्यासोबत "आज जोडीला कोण होतं? तू त्याला काय विचारलंस?" असंही विचारा. भांडण झालं असेल तर लगेच जोडी बदलायला शाळेत धावू नका. आणि शेजाऱ्याच्या चुकीचं खापर त्याच्यावर फोडू देऊ नका.

शेवटी बोपण्णाचाच एक प्रसंग, जो मी मुलांना सांगितला. २०२३ची यूएस ओपन, अंतिम सामना, निर्णायक तिसरा सेट. रॅकेटने मारलेला चेंडू जाताना बोपण्णाच्या हाताला किंचित चाटून गेला. पंचांना दिसलं नाही, समोरच्यांनाही नाही. त्याने स्वतः सांगितलं आणि गुण सोडला. तो सामना ते हरले. एका मुलीने लगेच विचारलं, "पण मॅडम, तो गुण एब्डनचा पण होता ना? त्याला न विचारता कसा दिला?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मग मी तो प्रश्न जोड्यांना चर्चेला दिला. दहा मिनिटं वर्गात नुसता गोंधळ. सगळ्यांचं एकमत झालं नाही, पण बऱ्याच जोड्या एका ठिकाणी आल्या. ज्याच्यासोबत खेळतो तो अशा वेळी काय म्हणेल हे आपल्याला माहीत असायला हवं. आणि पुढच्याच वर्षी तीच जोडी मेलबर्नला जिंकली, म्हणजे एब्डन काही रुसला नव्हता!

त्या शांत मुलीची नोंद मी बदलली आहे. आता तिथे लिहिलंय: 'जोडीदाराला विचार करायला लावते. तिच्यासोबत बसलेले मूल स्वतः उत्तरापर्यंत पोचते.' 'सहकार्याने काम करतो' हे वाक्य यावर्षी मी कुणाच्याही नावापुढे न पाहता लिहिणार नाही, असं ठरवलंय.

तुमच्या वर्गात जोडीकाम कसं चालतं? जोड्या तुम्ही लावता की मुलं? कुणी दुसऱ्याच्या मागे लपलेलं तर नाही ना, हे एकदा वह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. अनुभव नक्की कळवा.